गज काय सांगता ता आयक

ऑगस्टमधल्या एका सकाळी, ओहायोत डेटनपासून पाऊण तासावरच्या शूटिंग रेंजवर, मी गवतात ओणवा होऊन प्लास्टिकचे तुकडे वेचत होतो. रेंजवर कुणालाही पुढे जायचं असेल तर सगळ्यांनी बंदुका खाली ठेवून मागे सरायचं, असा नियम. त्यामुळे माझ्यापायी चार माणसं खोळंबली होती. आणि मी काही १०० यार्डांवरच्या लक्ष्यापर्यंत जात नव्हतो, पंचवीस-तीस यार्डांवरच घोटाळत होतो. एकाने ओरडून विचारलं, काही हरवलंय का? मी हात वर करून एक फाटका तुकडा दाखवला. तो हसला. त्याला कळलं.

हा तुकडा म्हणजे सॅबो. मूळ फ्रेंच शब्द, अर्थ लाकडी जोडा. आपल्याकडची खडावच म्हणा ना. इथले शिकारी त्याला ‘सेबो’ म्हणतात, काही ‘सॅबट’सुद्धा म्हणतात आणि त्यावरून एकमेकांची चेष्टा करतात. बंदुकीची नळी .५० इंचाची आणि गोळी .४५ इंचाची, मधली जागा भरायला हा प्लास्टिकचा पेला. बार उडाला की दारूचा वायू पेल्याच्या बुडाला ढकलतो, नळीतल्या पिळाच्या खाचा पेल्याला पकडून फिरवतात, आत घट्ट बसलेली गोळी त्याच्याबरोबर फिरते. नळीबाहेर पडलं की वाऱ्याने पेल्याच्या पाकळ्या उलगडतात, पेला मागे पडतो, गोळी एकटी पुढे जाते. म्हणजे गोळी नळीला शिवतच नाही. ही गोष्ट वाचून माहीत असणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. मला दुसऱ्यासाठी दीड वर्ष लागलं.

मी कुडाळ तालुक्यातला. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, आणि आजोबा माळ्यावरून बार काढायचे, बहुतेकदा हवेतच. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकालानंतर परत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच उरला नव्हता, त्यामुळे मी तिच्यातून काही मारलेलं पाहिलं नाही. पण भरताना मात्र शंभरदा पाहिलं. पितळी मापाने दारू, काथ्याचा बोळा, मग गज, म्हणजे नळीच्या तोंडातून ते सगळं खाली ठासायची सळई. गज खाली जाताना आजोबा बोलायचे नाहीत. मी मधे काही विचारलं तर म्हणायचे, “गप रव. गज काय सांगता ता आयक.”

ओहायोत येऊन चौदा वर्षं झाली. एका यंत्रभागांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर. घरामागे मक्याची शेतं, त्यांत पांढऱ्या शेपटीची हरणं गायींसारखी चरतात. शेजारी निवृत्त ट्रकचालक, सत्तरी ओलांडलेला, जुना शिकारी. त्याने माझी ओळख करून दिली इथल्या ‘मझललोडर’ हंगामाशी: जानेवारीच्या सुरुवातीचे चार दिवस, फक्त ठासणीच्या बंदुकीने. मला ते ऐकूनच भरून आलं. जी बंदूक आमच्याकडे माळ्यावर गंजते, तिच्यासाठी इथे वेगळा हंगाम! (गावाकडचे मित्र विचारतात, परवाना कसा मिळाला? इथल्या संघराज्याच्या कायद्यात ठासणीची बंदूक बहुतांशी ‘अँटिक’ गटात धरतात. पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा कुणी नुसतं माझं ऐकून खरेदीला जाऊ नये.) शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केला, लायसन आणि हरणाचं परमिट काढलं, एका शेतकऱ्याकडून त्याच्या रानात जायची लेखी परवानगी घेतली आणि एक जुनी .५० कॅलिबरची इनलाइन बंदूक घेतली. इनलाइन म्हणजे केप, दारू पेटवणारी टिकली, बाजूला नाही, नळीच्या बुडात सरळ रेषेत. तिच्यावर दुर्बीण बसते. आजोबा हसले असते.

पहिल्या हंगामात दुकानदाराने दिली ती गोळी, त्याने दिला तो सॅबो आणि दारूच्या तीन गोळ्या, म्हणजे पेलेट. एक पेलेट ५० ग्रेनचं, तीन म्हणजे १५०. बंदुकीवर ‘मॅग्नम’, म्हणजे जादा दारू झेलणारी, असं लिहिलेलं असल्यामुळे मलाही ते शोभून दिसेल असं वाटलं. दिवाळीच्या सुमारास रेंजवर गेलो, खांदा निळा करून घेतला, लक्ष्यावर भोकं पाहिली: थाळीएवढ्या वर्तुळात कुठेही. म्हटलं, शंभर यार्ड म्हणजे लांब झालं, रानात साठावर मारू. जानेवारीत साठ यार्डांवर एक मादी आडवी उभी राहिली. बार काढला. समोर पांढरा धूर, धूर निवळला तेव्हा रान रिकामं. मी आणि शेजारी दोन तास बर्फात वाकून रक्ताचा थेंब शोधत फिरलो. एकही नाही, एक केससुद्धा नाही. पूर्ण चुकला होता. शेजारी म्हणाला, चुकला ते बरं झालं. अर्धवट लागला असता तर आपण अजून इथेच असतो. तो रागावला नव्हता, पण मला शरम वाटली ती त्या वाक्याने.

त्यानंतर मी जे केलं ते क्वालिटीच्या माणसाला शोभणारं नव्हतं. सहा प्रकारच्या गोळ्या आणल्या. शिशाच्या, तांब्याचं आवरण असलेल्या, प्लास्टिकच्या टोकाच्या. २४० ग्रेन, २५०, ३००. प्रत्येक पाकिटाबरोबर त्याचा त्याचा सॅबो. दारूही बदलली, केपही बदलली, सगळं एकाच दुपारी. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा केला असता. एक गट, म्हणजे लागोपाठच्या बारांच्या भोकांचा पुंजका, बरा आला, तो दुसऱ्या दिवशी परत आला नाही. एप्रिलपर्यंत डॉलर तर गेलेच, पण वहीत अशा नोंदी जमल्या की त्यांतून काहीच निघत नव्हतं.

वजनांचं एक सांगून टाकतो, कारण मलाही सुरुवातीला ग्रेन डोक्यात बसत नव्हता. एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. म्हणजे २५० ग्रेनची गोळी साधारण १६ ग्रॅम, दीड तोळ्याला थोडी कमी. आमच्याकडे आजीला तोळ्यात कळायचं, आणि आजोबांना मापात. दारूही इथे ग्रेनमध्येच मोजतात, पण ती वजनाने नव्हे, मापाने. ही गंमत नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळ्या दारूंची घनता सारखी नसते. ब्लॅकहॉर्न २०९ नावाची दारू मापाने १०० ग्रेन घेतली तर तराजूवर सुमारे ७० भरते. मापाचा आकडा वजन समजून तराजूवर तोलली तर नळीत भलतीच जास्त जाईल. आणि काडतुसांत वापरतात ती बिनधुराची दारू साध्या ठासणीच्या बंदुकीत कधीच नाही. नळी फुटते, माणूस जातो. बंदुकीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या वर मी एक ग्रेन जात नाही.

मे महिन्यात शेजारी माझ्याबरोबर रेंजवर आला. मी तीन बार काढले, त्याने लक्ष्याकडे दुर्बीण लावलीच नाही. रेंज थांबल्यावर उठला, पुढे गवतात गेला, आणि मुठीत काहीतरी घेऊन आला. बाकावर तीन सॅबो मांडले. एकाची एक पाकळी मुळापासून तुटलेली. दुसऱ्याच्या बुडाला भोक, कडा वितळून काळ्या. तिसरा बरा, पण पाकळ्या एका बाजूला जास्त उलगडलेल्या. “तू गोळ्या बदलतोयस,” तो म्हणाला, “पण गोळीला अजून इथपर्यंत नीट पोचवलंयस कुठे?”

त्या दिवसापासून कागदावरची भोकं मागे राहिली. मी सॅबो वेचायला लागलो.

बुडाला भोक पडलेला सॅबो म्हणजे वायू गोळीच्या बाजूने निसटला. असा वायू दर वेळी सारखा निसटत नाही, म्हणून गोळी दर वेळी वेगळ्या वेगाने जाते. तुटलेली पाकळी म्हणजे गोळी सुटताना एका बाजूने धक्का बसला. १५० ग्रेनचा सोस पहिल्यांदा सोडला. पेलेट सोडून सुटी दारू घेतली, ट्रिपल सेव्हन, आणि मापाने ८० पासून सुरुवात केली. ८० वर सॅबो आखे मिळू लागले. गटही आपसूक अर्ध्यावर आला, गोळी तीच असून. माझ्या बंदुकीला ९० सर्वांत मानवलं. १०० वर पुन्हा कडा जळायला लागल्या. दुसऱ्याच्या बंदुकीला वेगळं मानवेल.

पण तरी चार इंचांच्या आत येईना. मग कारखान्याची सवय कामाला आली. नळीचं बूड, म्हणजे ब्रीच प्लग, काढला, मऊ शिशाची एक गोल गोळी लाकडी दांड्याने हळूहळू नळीतून पार केली. शिशावर खाचा उमटतात, त्या मायक्रोमीटरने मोजल्या. कागदावर .५०० असलेली नळी आत .५०२ निघाली. दोन थाउ, म्हणजे इंचाचे दोन हजारावे भाग. दुसऱ्या कुणाला दोन थाउ म्हणजे काहीच नाही, पण आमच्या खात्यात दोन थाउवर माल परत जातो. माझ्याकडच्या निम्म्या सॅबोंची गोळीसकट जाडी नळीपेक्षा नावालाच जास्त होती. ते सुळकन उतरायचे. भरायला सोपे म्हणून मला तेच आवडत होते!

आता आजोबांचं वाक्य आठवलं. गज खाली ढकलताना हाताला जे कळतं, तेच खरं माप. सैल सॅबो वीतभर खाली गेल्यावर कुठेच अडत नाही, गज आपल्या वजनानेच सरकतो. फार घट्ट असेल तर तळहाताला गजाचं टोक रुततं, आणि मधेच अडकतो. योग्य असतो तो सुरुवातीला अंगठ्याचा नीट दाब मागतो, मग एकसारख्या जोराने शेवटपर्यंत जातो. कुठे हलका नाही, कुठे जड नाही. सुमारे दहा-पंधरा किलोचा जोर, बंदुकीचा दस्ता जमिनीवर असताना एका हाताने जमेल एवढा. शेवटी दारूवर टेकतो. तिथे मी आजोबांसारखा गज टणकन आपटून पाहिला, तर शेजाऱ्याने हात धरला. टोकदार गोळीचं टोक त्याने चेपतं.

गजावर एक खूण केली आहे, पांढऱ्या रंगाची. गोळी दारूवर टेकली की खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायला हवी. खूण वर राहिली तर गोळी मधेच अडकली आहे, मधे पोकळी आहे, आणि तसा बार काढला तर नळी फुगू शकते किंवा फुटते. एकदा चौथ्या बारानंतर माझी गोळी अशीच दोन बोटं वर अडकली होती. कारण साधं होतं: ट्रिपल सेव्हनची काजळी नळीच्या बुडाजवळ एका कड्यासारखी जमते. तेव्हापासून प्रत्येक बारामागे एक ओला चिंधीचा तुकडा, मग एक कोरडा. ओला म्हणजे नुसता थुंकीने ओला केला तरी चालतं, म्हातारा शेजारी तेच करतो. मी पाणी वापरतो. तुकडा आत जाऊन बाहेर येईपर्यंत तेवढीच नळी थंडही होते.

थंड होणं यात किती महत्त्वाचं आहे हे जुलैत कळलं. सकाळी सातला गट दोन इंचांचा, अकराला चार. काहीच बदललं नव्हतं. नळीला हात लावला तर तवा. तापलेल्या नळीत प्लास्टिक मऊ पडतं, गज सुरुवातीपासूनच हलका जातो. हाताला तेव्हाही कळत होतं, मी ऐकत नव्हतो. आता दोन बारांमध्ये दहा मिनिटं थांबतो. थर्मासमधला चहा, मोबाइलवर लोकसत्ता. तीन बारांचा एक गट काढायला अर्धा तास जातो, आणि एका सकाळी चारपेक्षा जास्त गट होत नाहीत. घाईच्या माणसाने हा छंद करू नये.

गोळी कोणती, हे यानंतरचं काम. आता मात्र एका वेळी एकच गोष्ट. सॅबो ठरवला: हार्वेस्टरचा क्रश रिब, बाहेरून बारीक उभ्या कडा असलेला. कडा नळीत चेपल्या जातात, त्यामुळे माझ्या दोन थाउ जास्त असलेल्या नळीतही तो भरीव बसतो आणि तरी जातो. त्यात हॉर्नेडीची २५० ग्रेन एक्सटीपी घातली, .४५२ इंच व्यासाची, गट अडीच इंचांच्या आतबाहेर. ही शिशाची, तांब्याच्या आवरणाची, मूळची पिस्तुलाची गोळी, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी. खरं तर इथेच थांबलो असतो.

थांबलो नाही ते बायकोमुळे. तिने विचारलं, शिसं मुलांच्या ताटात येणार का? मी म्हटलं, गोळी काढून टाकतो ना आपण. पण शिशाची गोळी मांसात शिरल्यावर तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर पसरतात, डोळ्यांना न दिसणारे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि तिथल्या आरोग्य खात्याने तो टाकून द्यायला सांगितलं होतं. हे तिला मी सांगायच्या आधी तिनेच मला सांगितलं. मग बार्न्सची एक्स्पांडर एमझेड आणली, पूर्ण तांब्याची, तीही २५० ग्रेनची. महाग आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी जरा लांब होते. माझ्या नळीचा पीळ २८ इंचांत एक फेरा, त्याला ही लांबी जड गेली नाही. त्याच क्रश रिबमध्ये, त्याच ९० ग्रेनवर, तीन भोकं पावणेदोन इंचांत. आठवडाभराने पुन्हा तसाच गट. पुढच्या आठवड्यात दोनाला टेकला. सॅबो वेचले तर पाकळ्या कमळासारख्या सारख्या उलगडलेल्या, बुडं शाबूत, त्यांवर दारूचा राखाडी ठसा.

एक इंचाचा गट काढणारे लोक आहेत, मला माहीत आहे. हरणाच्या छातीत फुप्फुसाची जागा आठ इंचांची असते. शंभर यार्डांच्या पुढे मी मारणार नाही हे ठरलेलं. दोन इंच मला पुरतात.

शेवटचा धडा डिसेंबरात. उणे सहा तापमानात पुन्हा रेंजवर गेलो, कारण ऑगस्टमध्ये लावलेला नेम जानेवारीत तसाच राहील यावर माझा विश्वास नव्हता. सॅबो थंडीने कडक झाले होते, गज जड गेला, गोळ्या दीड इंच खाली लागल्या. दुर्बीण तेवढी वर केली. शिवाय पहिला बार नेहमी वेगळा जायचा, स्वच्छ तेल लावलेल्या नळीतला. आता भरण्याआधी नळी कोरड्या चिंधीने पुसून दोन केपा नुसत्याच उडवतो, म्हणजे बुडातलं उरलंसुरलं तेल जळून जातं. रानात तर पहिलाच बार मोजला जातो.

जानेवारीतल्या हंगामाचा दुसरा दिवस. नारिंगी जाकीट घालून पहाटे पाचपासून बसलो होतो. साडेआठला तीन माद्या बांधाच्या कडेने आल्या. मोठी ७० यार्डांवर थांबली. चाप ओढला, धूर, आणि धुराच्या खालून पाहायला मी गुडघ्यावर बसलो तेव्हा ती पन्नास पावलांवर खाली बसत होती. खांद्यामागून आत, पलीकडून बाहेर. शेजाऱ्याला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला, सॅबो मिळाला का? मिळाला, बर्फावर निळसर काळा, चार पाकळ्या.

बंदूक त्या रात्री गॅरेजमध्येच ठेवली; थंडीतून एकदम उबेत आणली की नळीत दव धरतं. साफसफाई गरम पाण्याने, ट्रिपल सेव्हनला पाणी पुरतं. मांसाचं अर्धं शेजाऱ्याला, अर्ध्याचं बायकोने मालवणी मसाल्यात सुकं केलं. तिला ते बकऱ्यापेक्षा कोरडं वाटलं. मलाही.

आता अडचण एवढीच की त्या पाकिटातले चार सॅबो उरलेत. नवं पाकीट परवा आलं. तोच रंग, तोच नंबर. व्हर्नियर लावला तर जुन्यापेक्षा दीड थाउ बारीक वाटतो, पण प्लास्टिक दाबलं जातं, माप धरवत नाही. रविवारी पाऊस नसेल तर रेंजवर जाईन, गज घालून बघेन.